क्षमा जमत नाही, म्हणजे साधना वाया गेली का?

वाचकाचं पत्र

नमस्कार,

माझं वय चोपन्न. आई चार वर्षं स्मृतिभ्रंशाने आजारी होती, गेल्या वर्षी गेली. तिचं सगळं मी एकटीनं केलं. थोरली बहीण त्या काळात क्वचित आली आणि आली तेव्हाही पाहुण्यासारखी बसून गेली. मी तिला फोन करून सांगत होते, रडत होते, की आता झेपत नाही, पंधरा दिवस तरी येऊन राहा. ती म्हणायची, ‘बघते.’ वडील लवकर गेले, तेव्हा याच ताईनं मला वाढवलं होतं. तिचं कॉलेज अर्धवट राहिलं, माझं पूर्ण झालं. हे मी विसरलेले नाही, म्हणून तर जास्त लागतं.

आता तिचा मेसेज आला आहे : ‘झालं गेलं विसरून जाऊ. तुझे इतके हाल होत होते याची मला कल्पनाच नव्हती. माफ कर.’ तो वाचून माझे हात थरथरायला लागले.

मी बरीच वर्षं एका साधना गटात जाते. तिथल्या ज्येष्ठ बाई म्हणाल्या, ‘ती केवळ निमित्त आहे. सगळं ठरलेलंच असतं. स्वीकार कर, क्षमा कर आणि मोकळी हो.’ मी रोज ध्यानात ताईचा चेहरा समोर आणते, ‘मी तुला क्षमा केली’ म्हणते आणि उठते तेव्हा राग तसाच असतो.

अजून एक. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. शेवटच्या वर्षात एका रात्री आई सारखी हाका मारत होती. मी तिच्यावर ओरडले, ‘मर एकदाची’ म्हणाले आणि दार लावून घेतलं. हाका ऐकू येत होत्या. मी गेले नाही. सकाळी ती ओल्या अंथरुणात होती आणि मला बघून हसली. तिला काहीच आठवत नव्हतं. माफी मागायची तर कोणाकडे?

ताईला क्षमा करता येत नाही म्हणजे माझी साधना वाया गेली का? मी मुळातच वाईट आहे का? ताईला काय उत्तर देऊ? आणि त्या रात्रीचं तिला सांगू का?

– एक वाचक

उत्तर

नमस्कार,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, कारण तो मनात असेल तर पुढचं काही नीट वाचलं जाणार नाही. तुमची साधना वाया गेलेली नाही. तोंडानं म्हटलेलं वाक्य आणि आतली धग यांचा मेळ बसत नाही हे तुमचं तुम्हालाच दिसलं, कोणी दाखवून द्यावं लागलं नाही. ज्याला स्वतःच्या आत बघायची सवय नसते तो ‘क्षमा केली’ म्हणून मोकळा होतो आणि पुढची दहा वर्षं प्रत्येक कार्यात टोमणे मारत राहतो. तुम्ही तसं केलं नाहीत. तुम्ही थांबलात आणि विचारलंत.

तुमच्या गटातल्या बाईंचा हेतू चांगलाच असणार, पण त्यांचा सल्ला मला पटला नाही. ‘सगळं ठरलेलं असतं’ इथपर्यंत एखादा माणूस स्वतःच्या दुःखातून, स्वतःच्या वेळेनं पोचला तर त्याला त्याचा आधार होतो. तेच वाक्य दुसऱ्यानं हातात ठेवलं की ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की आता यावर बोलायचं नाही. जॉन वेलवुड नावाचे मानसशास्त्रज्ञ स्वतः बौद्ध साधक होते. आपल्या बरोबरच्या साधकांमध्ये त्यांना एक गोष्ट वारंवार दिसली : न भरलेल्या जखमा आणि न फेडलेली दुःखं टाळण्यासाठी माणसं अध्यात्मातल्या कल्पनांचा आडोसा घेतात. १९८४ मध्ये त्यांनी या प्रकाराला ‘स्पिरिच्युअल बायपासिंग’ असं नाव दिलं, आणि आज मानसोपचाराच्या क्षेत्रात ते रुळलेलं आहे. साधनेला नावं ठेवण्यासाठी त्यांनी ते केलं नव्हतं. साधना खरी राहावी म्हणून केलं होतं.

तुम्ही ज्याला स्वीकार समजून रोज धडपडताय, तो मुळात क्षमेच्या बराच अलीकडचा टप्पा आहे. जे झालं ते झालं तसं, रंग न चढवता आणि रंग न पुसता कबूल करणं, इतकाच तो आहे. तुमच्या बाबतीत ती वाक्यं मला अशी दिसतात. आईला स्मृतिभ्रंश झाला. चार वर्षं मी एकटी होते. मी मदत मागितली आणि ती मिळाली नाही. माझ्या बहिणीनं मला एकटं टाकलं. एका रात्री मी आईला एकटं टाकलं. ही वाक्यं कागदावर लिहून बघा. एकाही वाक्यापुढे ‘कारण’ लिहू नका, एकाही वाक्यापुढे ‘पण’ लिहू नका. यातलं काही योग्य होतं असं कबूल करायचं नाहीये, आणि त्यातून काही शिकले असंही म्हणायचं नाहीये. सध्या काही दिवस ध्यानात ताईंचा चेहरा आणणं बंद करा. त्यांना क्षमा केल्याचं म्हणणंही बंद करा. मनाला रोज खोटी सही करायला लावली की ते खऱ्या सहीलाही हात पुढे करत नाही.

आता ताईंच्या मेसेजकडे येते. तुम्हाला वाटतंय की माफी मागूनही माझा राग जात नाही, म्हणजे माझ्यातच काही कमी आहे. मला तसं वाटत नाही. तुमचे हात थरथरले ते ‘माफ कर’ वाचून नव्हे, ‘कल्पनाच नव्हती’ वाचून. त्यांना कल्पना होती. तुम्ही फोनवर रडून सांगत होतात. त्या आल्या नाहीत ही एक जखम, आणि तुम्ही सांगितलंच नव्हतं असं आता सुचवलं जातंय ही दुसरी. पहिली जुनी आहे, दुसरी ताजी आहे.

या बाबतीत महाभारताचं वनपर्व मला फार जवळचं वाटतं. वनवासात द्रौपदी युधिष्ठिराला विचारते की तुम्हाला राग कसा येत नाही, आणि ती प्रल्हाद आणि बळी यांच्यातला जुना संवाद सांगते. बळी आजोबांना विचारतो की क्षमा श्रेष्ठ की तेज? प्रल्हादाचं उत्तर सरळ आहे : नेहमी तेज दाखवणंही श्रेयस्कर नाही आणि नेहमी क्षमा करणंही श्रेयस्कर नाही. मग तो क्षमेच्या जागा सांगतो. ज्यानं पूर्वी आपल्यावर उपकार केले आहेत त्याच्या हातून मोठा अपराध घडला तरी त्या उपकारासाठी क्षमा करावी. ज्याच्याकडून न कळत चूक झाली त्यालाही करावी. पण जाणूनबुजून करून ‘न कळत झालं’ असं जो सांगतो, त्याचा लहानसा अपराधही सोडू नये. युधिष्ठिराला हे सगळं मान्य होत नाही, तो पुढे क्षमेची थोरवी गातो, आणि दोन्ही बाजू तिथे शेजारी शेजारी उभ्या राहतात. क्षमा हा विचार करून घ्यायचा निर्णय आहे, चांगल्या माणसाचं ते प्रतिक्षिप्त वागणं नव्हे, हे इतक्या जुन्या काळी इतकं स्पष्ट मांडलेलं वाचून मला दर वेळी दिलासा मिळतो.

तुमची अडचण अशी की ताईंना प्रल्हादाचे दोन निकष लागू पडतात आणि ते तुम्हाला दोन बाजूंना ओढतात. ज्यांनी स्वतःचं शिक्षण सोडून तुम्हाला वाढवलं त्याही ताईच, आणि जाणूनबुजून करून ‘कल्पना नव्हती’ म्हणणाऱ्याही ताईच. म्हणून एकाच शब्दात क्षमा करायला गेलात की जमत नाही. वेगवेगळं करून बघा. त्या आल्या नाहीत, याला त्यांच्या जुन्या उपकारांमुळे आज ना उद्या तुमच्या मनात जागा होईल असं मला वाटतं. तुमच्या पत्रात त्यांच्याविषयीची माया अजून आहे. ‘कल्पना नव्हती’ हे मात्र तुम्ही मान्य करायचं कारण नाही. ते नाकारूनही तुम्ही क्षमाशील राहू शकता.

क्षमेवर १९८०च्या दशकापासून काम करणारे विस्कॉन्सिन विद्यापीठातले रॉबर्ट एनराइट हेच वेगळ्या पद्धतीने सांगतात : क्षमा करणं म्हणजे अपराध खपवून घेणं नव्हे, विसरणं नव्हे आणि पुन्हा पहिल्यासारखे संबंध सुरू करणंही नव्हे. क्षमा एकट्या माणसाला करता येते, समेटाला मात्र दोघं लागतात आणि दोघांमध्ये विश्वास लागतो. ताई मागताहेत तो समेट आहे, आणि तोही खरं न बोलता. त्याला तुमच्या मनानं नकार दिला. मन बरोबर होतं.

आता ती रात्र. पत्रात तुम्ही तिला शेवटची जागा दिलीत, पण मला वाटतं की पत्र लिहायला बसलात त्याच रात्रीमुळे.

तुम्ही विचारता की मी मुळातच वाईट आहे का. या प्रश्नातला ‘मुळातच’ मला थांबवतो. हेलन ब्लॉक लुइस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७१ मध्ये एक भेद मांडला. एक भावना म्हणते, ‘मी वाईट गोष्ट केली.’ दुसरी म्हणते, ‘मी वाईट आहे.’ वरवर दोन्हींना आपण अपराधी वाटणंच म्हणतो, पण त्यांची चाल उलटी असते. पुढे मानसशास्त्रज्ञ जून टँगनी यांनी या दोन्हींचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. पहिली भावना माणसाला ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे नेते, भरपाई करावीशी वाटते, समोरच्याचं दुःख कळतं. दुसरी भावना माणसाला लपायला लावते, आणि तिचा दाह सोसेना झाला की तो रागाच्या रूपात दुसऱ्यावर उलटतो, दोष देण्यासाठी कोणीतरी सापडावं लागतं. टँगनींच्या अभ्यासात हे पुन्हा पुन्हा दिसलं.

तुमचा ताईंवरचा राग खोटा आहे असं मी मुळीच म्हणत नाही. तो रास्त आहे. पण त्याचं जे वजन आहे, रोज ध्यानातून उठतानाही तसंच राहणारं, ते सगळं ताईंच्या वागण्यातून आलेलं नाही असा माझा अंदाज आहे. त्या आल्या असत्या तर ती रात्र घडलीच नसती, असं तुम्ही मनात कितीदा म्हटलं असेल? कदाचित ते खरंही असेल. तरीही ताईंना सोडलं तर त्या रात्रीचा सगळा भार आपल्या एकटीवर येईल, ही भीती तुम्हाला त्यांना सोडू देत नाही. म्हणून आधी त्या भाराचं काय करायचं ते बघू.

स्मृतिभ्रंशात झोप आणि जाग यांचं चक्र बिघडतं. पाच मिनिटांपूर्वी आपण हाक मारली होती आणि कोणीतरी येऊन गेलं होतं, हे त्या माणसाच्या लक्षात राहत नाही, म्हणून प्रत्येक हाक त्याच्यासाठी पहिलीच असते. सांभाळणाऱ्यासाठी ती तीसावी असते. महिनोन्‌महिने झोप तुटत राहिली की चिडचिड रोखण्याची ताकद कमी होते, हे कोणाच्याही शरीरात होतं. चार वर्षांत चौदाशेहून जास्त रात्री होतात. तुम्ही त्यातल्या बहुतेक सगळ्या रात्री उठलात. हे खरं आहे. आणि एका रात्री तुम्ही उठला नाहीत, आई भिजलेली, घाबरलेली हाका मारत होती, हेही खरं आहे. चौदाशेच्या आकड्यात त्या एका रात्रीला बुडवून टाका असं मी सांगणार नाही, तुम्हीही ते ऐकणार नाही. पण त्या एका रात्रीनं चौदाशे पुसून काढायच्या, हाही तितकाच खोटा हिशेब आहे, आणि वर्षभर तुम्ही तोच करताय.

सकाळी त्या हसल्या, ती त्यांनी दिलेली क्षमा होती, असं कोणी तुम्हाला सांगेल. मी सांगणार नाही. आठवणच नसेल तर क्षमा कशाची करणार? पण त्या हसण्याविषयी एक गोष्ट सांगता येते. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अल्झायमर झालेल्या माणसांना दुःखाच्या आणि आनंदाच्या चित्रफिती दाखवल्या. काय पाहिलं ते ही माणसं थोड्याच वेळात विसरली, पण त्यातून जागी झालेली भावना मागे टिकून राहिली. त्या रात्रीची भीतीही तुमच्या आईच्या मनात काही वेळ राहिली असेल, हे लपवण्यात अर्थ नाही. पण सकाळी तुमचा चेहरा दिसला तेव्हा वर आलं ते हसू. तो चेहरा त्यांनी चार वर्षं पाहिला होता, औषध देताना, अंग पुसताना, उठवून बसवताना. त्या हसण्याला तुम्ही आरोप समजत आला आहात. तो आरोप नव्हता.

मग माफी कोणाकडे मागायची? हा प्रश्न फार जुना आहे आणि धर्मशास्त्रांनी तो टाळलेला नाही. बाराव्या शतकातले ज्यू धर्मशास्त्री मायमोनिडीज यांनी यासाठी एक रीत लिहून ठेवली आहे. ज्याचा अपराध केला तो माणूस माफी मागण्याआधीच वारला, तर अपराध्यानं दहा जणांना त्याच्या थडग्यापाशी न्यावं आणि त्यांच्यासमोर म्हणावं की मी देवाचा आणि या माणसाचा अपराध केला आहे, आणि काय केलं तेही सांगावं. मेलेला माणूस उत्तर देणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी जिवंत माणसं बोलावली. ती दहा माणसं क्षमा करत नाहीत, तो अधिकार त्यांचा नाही. ती ऐकतात. अपराध एकट्याच्या डोक्यात कोंडून राहत नाही, आणि तो बोलून दाखवणारा माणूस तरीही माणसांमध्ये उभा असतो.

तुम्हाला दहा माणसं नकोत, एक पुरे. तुमचं ऐकून लगेच ‘छे, तुम्ही तर किती केलंत’ असं म्हणणार नाही आणि तोंडही फिरवणार नाही, असं एखादं माणूस तुमच्या ओळखीत असेल तर त्याला ती रात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगा. तसं कोणी डोळ्यांसमोर येत नसेल तर समुपदेशकाकडे जा. झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा, यात उशीर नको. त्याखेरीज, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला एकट्यानं सांभाळणारं कोणी ना कोणी आसपास असतंच. महिन्यातून एखादी रात्र तुम्ही त्यांच्या रुग्णापाशी थांबलात, तर त्यांना झोप मिळेल. त्या जागेवर काय होतं हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे? आईची भरपाई त्यातून होणार नाही. पण ‘मी वाईट गोष्ट केली’ ही भावना ज्या दिशेनं माणसाला नेते, ती दिशा हीच आहे.

हे सोपं नाही, आणि तुम्हालाच ते अवघड जातंय असंही नाही. क्षमेवर आयुष्यभर संशोधन केलेले एव्हरेट वर्दिंग्टन यांच्या आईचा १९९६ च्या नववर्षाच्या सुमारास घरफोडीत खून झाला. त्या खुन्याला ते क्षमा करू शकले. पुढे काही वर्षांनी त्यांच्या भावानं आत्महत्या केली, आणि आपण भावासाठी कमी पडलो याबद्दल स्वतःला क्षमा करणं त्यांना कितीतरी जड गेलं. हे त्यांनी स्वतः मोकळेपणानं लिहिलं आहे.

आता ताईंविषयी थोडं, तुम्हाला रुचेल की नाही माहीत नाही. ‘कल्पनाच नव्हती’ हे वाक्य मला निर्ढावलेल्या माणसाचं वाटत नाही. निर्ढावलेला माणूस मेसेजच करत नाही. ते लाजेचं वाक्य वाटतं. माहीत असूनही मी गेले नाही, हे त्यांना स्वतःशीही बोलता येत नसावं, जसं तुम्हाला त्या रात्रीविषयी वर्षभर कोणाशीच बोलता आलं नाही. तुमची एक रात्र आणि त्यांची चार वर्षं यांचं वजन सारखं नाही, आणि ‘तूही चुकलीस, मग तिला सोड’ असं मी अजिबात म्हणत नाही. इतकंच सांगते की आतून कोंडलेलं माणूस कसं वागतं, हे तुम्हाला आता स्वतःवरून ठाऊक आहे. त्यांच्याकडे बघताना ते ठाऊक असू द्या.

त्यांना उत्तर द्या, पण लहान आणि खरं. माझ्या मनात आहे ते साधारण असं : ‘ताई, तुझा मेसेज वाचला. तुला कल्पना नव्हती हे मला मान्य करता येत नाही, मी तुला फोनवर सांगत होते. तू आली नाहीस याचा मला अजून राग आहे. लहानपणी तू माझ्यासाठी काय केलंस तेही मी विसरलेले नाही. सगळं एकदम विसरणं मला जमणार नाही, पण तुझ्याशी बोलायचं आहे. भेटू तेव्हा तू का आली नाहीस ते मला खरं सांग.’ शब्द तुमचे घाला. ‘क्षमा केली’ हे शब्द मात्र आताच घालू नका.

त्या रात्रीचं त्यांना सांगायचं का? आधी नको. आज सांगितलंत तर तुमच्या दोघींमध्ये ती वस्तू देवाणघेवाणीची होईल. त्या म्हणतील, बघ, तूही. किंवा तुम्हीच मनात म्हणाल की मी माझं सांगितलं, आता तुझी पाळी. आईची ती रात्र अशा व्यवहारात जाऊ नये. दुसऱ्या कोणापाशी ती आधी बोलून झाली असेल, ताईंनीही स्वतःहून खरं सांगितलं असेल, तर पुढे कधीतरी सांगावंसं वाटेल तेव्हा सांगा. त्या तुमच्याइतक्याच आईच्या मुलगी आहेत.

ताईंनी ‘जुनं कशाला उकरतेस’ असं उत्तर पाठवलं, किंवा उत्तरच दिलं नाही, तर भेटीसाठी मागे लागू नका. फोन आला तर घ्या, बरं-वाईट विचारा, अडीअडचणीला उभ्या राहा, आणि मनातलं जिव्हाळ्याचं बोलणं राखून ठेवा. मेसेज करायला त्यांना एक वर्ष लागलं. खरं बोलायला कदाचित आणखी लागेल.